काल नीट चाललेला घरगुती सेंट्रिफ्यूज आज का थरथरतो?

सेंट्रिफ्यूज म्हणजे ट्यूबा वेगाने फिरवून आतल्या द्रवातले जड-हलके घटक वेगळे करणारं यंत्र, आणि रोटर म्हणजे त्यातली ट्यूबा धरून फिरणारी चकती. तक्रार साधारण अशी असते. रोटर धुवायला काढला, पुसून परत बसवला. ट्यूबा त्याच, पाणी तेवढंच. तरी बटण दाबलं की यंत्र टेबलावर चालायला लागतं. मग समोरासमोरच्या ट्यूबा पुन्हा तोलायच्या, हलक्या वाटणाऱ्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, की थरथर थांबते. आठवड्याभराने पुन्हा तेच.

मी हे तीन आठवडे केलं. माझं यंत्र म्हणजे ड्रोनची ब्रशलेस मोटर, थ्रीडी प्रिंटरवर छापलेला दीड मिलीच्या सहा ट्यूबांचा रोटर आणि भोवती जाड स्टीलचं भांडं. रोटरचं वजन १२० ग्रॅम, आसापासून ट्यूबेच्या तळापर्यंतचं अंतर ६ सेंमी, कामाचा वेग ६,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ६,००० फेरे. एके दिवशी वैतागून सगळ्या पट्ट्या सोलून काढायला बसलो तेव्हा नजरेस आलं की अकरा तुकडे रोटरच्या चारही अंगांना विखुरलेले आहेत. जड बाजू एकच असती तर सगळे तुकडे तिच्या समोर एका जागी गोळा झाले असते. म्हणजे जड बाजू दर वेळी जागा बदलत होती, आणि मी दर वेळी कालच्या दुखण्यावर लावलेली पट्टी आजच्या दुखण्यात मिळवत होतो.

ट्यूबांचा काही संबंधच नव्हता. रोटरचं मधलं भोक सैल होतं.

सैल म्हणजे किती? मोटरचा शाफ्ट (फिरणारा दांडा) ५ मिमी, भोक ५.३ मिमी. प्रिंटरने छापलेल्या भोकात एवढा फरक सहज पडतो, आणि रोटर शाफ्टवर सुळकन उतरतो म्हणून आपण खूशही होतो. वरून नट आवळला की रोटर त्या क्षणी जिथे असेल तिथेच पकडला जातो. ०.३ मिमीचा खेळ म्हणजे मध्यापासून ०.१५ मिमीपर्यंत सरकायला मोकळीक. १२० ग्रॅमचा रोटर ०.१५ मिमी सरकला की १८ ग्रॅम-मिमी असमतोल झाला. ६ सेंमी अंतरावर ठेवलेल्या ०.३ ग्रॅमइतका, म्हणजे एका ट्यूबेत पाण्याचे सहा थेंब जास्त टाकल्यासारखा.

सहा थेंबांनी काय होतंय, असं वाटेल. सेंट्रिफ्यूजचा जोर काढायचं सूत्र असं: ०.००००१११८ × सेंमीमधली त्रिज्या × आरपीएमचा वर्ग. ६ सेंमी आणि ६,००० आरपीएमला उत्तर येतं सुमारे २,४०० जी, म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या २,४०० पट. त्या सहा थेंबांचं वजन तिथे सव्वासातशे ग्रॅम भरतं, आणि हा सव्वासातशे ग्रॅमचा हिसका सेकंदाला १०० वेळा दिशा बदलत बेअरिंगला बसतो. टेबल हलणार नाही तर काय!

आधी दोष कुठे आहे ते पकडा

इथे घाई करू नका. थरथर दिसली की पहिला हात ट्यूबांकडे जातो, कारण ट्यूबा डोळ्यांसमोर असतात. त्या बाजूला ठेवा. रोटरही काढा आणि नुसती मोटर कामाच्या वेगाला फिरवा. नुसती मोटरच घरघरत असेल, कंप देत असेल, तर बाकी काहीही करून उपयोग नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो. मोटर शांत असेल तर रिकामा रोटर चढवून हळू, दीड हजार आरपीएमच्या आसपास चालवा. आता थरथर आली तर ट्यूबा निर्दोष सुटल्या.

यापुढची चाचणी मला फार उशिरा सुचली. काळ्या मार्करने शाफ्टच्या टोकावर एक खूण करा आणि रोटरवर त्याच रेषेत दुसरी. जड बाजू कुठे आहे ते शोधा. त्याची रीत पुढे आहे. नट सोडा, रोटर अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवा, म्हणजे दोन्ही खुणा आता समोरासमोर. नट आवळा, पुन्हा जड बाजू शोधा. ती रोटरबरोबर फिरली असेल तर रोटरच एका अंगाला जड छापला गेलाय. ती शाफ्टच्या खुणेला चिकटून राहिली तर शाफ्ट किंवा त्यावरचा ॲडाप्टर (रोटर बसवायचा जोडतुकडा) वाकडा आहे. आणि ती या दोन्हींना न जुमानता भलतीकडेच गेली, तर भोक सैल आहे. एकदा करून खात्री पटत नाही, तीनदा करा. माझ्याकडे तिन्ही वेळा तीन वेगळ्या जागा आल्या.

ज्यांनी नटऐवजी हबमध्ये (रोटरच्या मधल्या जाड भागात) आडवा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) वापरलाय त्यांच्याकडे चित्र जरा वेगळं दिसतं. तो एकच स्क्रू शाफ्टला भोकाच्या पलीकडच्या भिंतीवर दाबतो, त्यामुळे रोटर दर वेळी स्क्रूच्याच बाजूला सरकतो. जड बाजू कायम तीच, म्हणून वाटतं रोटरमध्येच दोष आहे. तिथे एकदा वजन लावून भागतंही. पण काटकोनात दोन ग्रब स्क्रू असतील तर आधी कोणता आवळला यावर रोटरची जागा ठरते, आणि आपण पुन्हा पट्ट्या चिकटवत बसतो.

यंत्र बंद ठेवूनही सैलपणा बघता येतो. बेसवर एक सुई मातीच्या गोळ्यात रोवून तिचं टोक रोटरच्या कडेजवळ आणा. रोटर हाताने हळूहळू फिरवा आणि फटीत साध्या छपाईच्या कागदाच्या पट्ट्या सारून बघा. असा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. एका बाजूला दोन कागद मावतात आणि समोरच्या बाजूला पाच, म्हणजे ०.३ मिमीचा फरक, म्हणजे रोटर मध्यापासून ०.१५ मिमी सरकलाय. ही मोजणी स्विच काढून, हातानेच करायची. चालत्या रोटरजवळ सुई नेण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

जड बाजू शोधायची रीत

ब्रशलेस मोटरवर रोटर आडवा धरून तो कुठे थांबतो ते बघण्यात अर्थ नाही. आतले चुंबक त्याला ठरावीक जागीच अडकवतात. नुसत्या रोटरचा तोल बघायचा असेल तर तो काढून सरळ, गुळगुळीत सळईवर घट्ट बसवा आणि ती सळई समपातळीत ठेवलेल्या दोन पात्यांवर आडवी ठेवा. जड बाजू गडगडत खाली येते.

जोडलेल्या यंत्रावर मात्र फोन कामाला येतो. फोनमधला कंपमापक वाचणारं कुठलंही ॲप चालेल, मी फायफॉक्स वापरतो. फोन बेसवर पट्ट्याने घट्ट बांधा. दीड हजार आरपीएमला कंपाचा आकडा घ्या. समजा तो ८ आला. आता साधारण ०.२ ग्रॅमचा मातीचा गोळा कडेला ० अंशावर चिकटवा, त्याच वेगाला पुन्हा आकडा घ्या. मग तोच गोळा १२० अंशांवर, मग २४० वर. कागदावर ८ एकक त्रिज्येचं वर्तुळ काढा, त्यावर या तीन जागा मांडा आणि प्रत्येक जागेला केंद्र धरून त्या जागेचा जो आकडा आला त्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. तिन्ही वर्तुळं जवळपास एका बिंदूत छेदतात. मध्यापासून त्या बिंदूची दिशा म्हणजे वजन लावायची जागा, आणि जड बाजू तिच्या बरोबर समोर. वजन किती? गोळ्याचं वजन गुणिले ८, भागिले मध्यापासून त्या बिंदूपर्यंतचं अंतर. फिरणारे पंखे आणि पंप जागच्या जागी बॅलन्स करायला हीच रीत वापरतात. पहिल्यांदा करताना किचकट वाटते, तिसऱ्यांदा दहा मिनिटांत होते. वेग वाढवून मोजू नका. फोनचा कंपमापक सेकंदाला काही शेच नोंदी घेतो आणि ६,००० आरपीएमला तो गोंधळून भलताच आकडा दाखवू शकतो.

तीन वर्तुळं एका बिंदूच्या आसपासही फिरकत नसतील तर चाचणी चालू असतानाच रोटर सरकतोय. तेही एक उत्तरच.

मी काय केलं

आधी चुकीचं केलं ते सांगतो. शाफ्टला चिकटपट्टीचा एक वेढा देऊन भोक घट्ट केलं. दोन दिवस यंत्र लोण्यासारखं चाललं, तिसऱ्या दिवशी पट्टी दाबाने एका बाजूला पिळून निघाली आणि खेळ परत आला. पट्टी, कागद, सुपरग्लू यातलं काहीही शाफ्ट आणि भोक यांच्यामध्ये टिकत नाही.

खरा उपाय म्हणजे मध्य साधण्याचं काम नटकडून काढून घेणं. नटने फक्त दाबायचं. रोटर मधोमध बसवण्यासाठी शंकूसारखी बैठक लागते. ड्रोनच्या पंख्यांसाठी मिळणारे कॉलेट ॲडाप्टर शाफ्टला चहूबाजूंनी सारखे आवळतात, आणि रोटरच्या भोकाला वरून तिरकस कड ठेवून त्यात शंकूच्या आकाराचा नट बसवला की रोटर आपोआप मध्यावर येतो. हे जमत नसेल तर भोक मुद्दाम ४.८ मिमीचं छापा आणि ५ मिमीच्या रीमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) हाताने, न तापवता मोठं करा. ड्रिल बिटने करू नका. ते भोक गोल न ठेवता त्रिकोणी करून टाकतं. पितळी बुश (भोकाच्या आत बसणारी नळी) बसवता आला तर उत्तमच, कारण प्लॅस्टिकचं भोक पंचवीस-तीस वेळा काढघाल केल्यावर झिजतं.

मग शाफ्टची आणि रोटरची खूण कायमची करून टाकली. रोटर नेहमी खुणेला खूण मिळवूनच बसतो. त्यानंतर एकदाच बॅलन्सिंग केलं, रोटरच्या खालच्या अंगाला छोटं भोक पाडून त्यात स्क्रू बसवला. बाहेरून चिकटवलेली वजनं वेगात उडतात. स्क्रू आतल्या बाजूला, भिंतीच्या आड असावा.

सुरुवातीला शांत, पाच मिनिटांनी थरथर

हे दुखणं वेगळं. थ्रीडी प्रिंटरमध्ये सर्रास वापरलं जाणारं पीएलए प्लॅस्टिक ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. मोटर तापते, उष्णता शाफ्टमधून हबमध्ये चढते, आणि नटाखालचं प्लॅस्टिक दबतं. दाबाखाली पीएलए थंड असतानाही हळूहळू बसतं, म्हणून रात्री घट्ट आवळलेला नट सकाळी सैल लागतो. नटाखाली रुंद धातूचा वॉशर घाला, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सहज सैल न होणारा) वापरा, आणि प्रत्येक वेळी चालवण्याआधी पान्याने एकदा तपासा. हबभोवती पांढरट रेषा दिसल्या तर तो रोटर निवृत्त करायचा. त्याच्यावर दया दाखवायची नाही.

नट सैल होण्यात फिरण्याची दिशाही येते. नटच्या बाजूने पाहताना रोटर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर साध्या उजव्या आट्यांचा नट वेग घेताना उघडू पाहतो. उलट दिशेने फिरत असेल तर अचानक ब्रेक लागताना. ड्रोनच्या कंट्रोलरमध्ये ब्रेकची सेटिंग असते. ती बंद करा. ब्रेक बंद केल्यावर उलट दिशा बरी. दिशा बदलायला मोटरच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या, एवढंच.

एका ठरावीक वेगालाच थरथर

दोन हजारला गडगडाट आणि तीन हजारला शांतता असेल, आणि थांबतानाही त्याच जागी पुन्हा एक शहारा येत असेल, तर तो अनुनाद. यंत्राची स्वतःची डोलण्याची लय आणि रोटरची लय जुळली की लहानसा असमतोलही मोठा दिसतो. गुस्ताफ दे लावाल या स्वीडिश अभियंत्याने १८७८ मध्ये दुधातून साय सतत वेगळी करणारा विभाजक बनवला. पुढे त्याने आपल्या वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम लवचिक शाफ्ट दिला. लय जुळते तो वेग ओलांडला की रोटर स्वतःच आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागतो आणि शांत होतो. आपल्या यंत्राचे रबरी पाय लहान प्रमाणात तेच काम करतात. म्हणून यंत्र टेबलाला बोल्टने आवळून थरथर जाईल असं समजू नका. बैठक ताठ झाली की ती लय वर सरकते आणि नेमकी कामाच्या वेगावर येऊन बसू शकते. मऊ पाय आणि जड बेस ठेवा. बेसचं वजन चौपट केलं तर लय निम्म्यावर येते. लय जुळते त्या वेगाच्या टप्प्यातून न थांबता पुढे सरकायचं.

चार रबरी पायांपैकी एक निखळून हरवलेला असणं, हे इतकं सामान्य कारण आहे की लिहायला लाज वाटते. माझ्याकडेही तेच झालं होतं, वरच्या सगळ्या भानगडीनंतर.

आता ट्यूबा

रिकामा रोटर शांत, भरलेला थरथरतो, तरच इथे या. ट्यूबा उंचीने नाही, वजनाने जुळवा. ०.०१ ग्रॅमचा काटा पुरतो. एका ट्यूबेत दीड मिली पाणी आणि समोर दीड मिली इथेनॉल ठेवलं तर दिसायला पातळी सारखी, पण फरक ०.३ ग्रॅमच्या वर. पुन्हा तेच सहा थेंब. सहा भोकांच्या रोटरमध्ये दोन, तीन, चार किंवा सहा ट्यूबा बसतात. तीन असतील तर एकाआड एक. पाच कशाही ठेवा, तोल साधत नाही. सहावीत पाणी भरा. ट्यूबांच्या झाकणाची बिजागरी सगळ्यांची बाहेरच्या दिशेला ठेवली तर तोल राखायला मदत होते, आणि तळाचा साका कुठल्या भिंतीला बसलाय तेही न शोधता कळतं.

तपासताना तुम्ही कुठे उभे आहात?

दोष शोधताना माणूस वाकून जवळून बघतो, आणि यंत्र तेव्हाच सर्वात बेभरवशाचं असतं. १२० ग्रॅमचा रोटर ६,००० आरपीएमला सुमारे ४० जूल ऊर्जा बाळगतो. एक किलोचं वजन चार मीटरवरून पडावं तेवढी. ट्यूबांच्या तळाचा वेग ताशी १३५ किलोमीटरच्या आसपास. वेग दुप्पट केला की ऊर्जा आणि ताण दोन्ही चौपट. १९९८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अल्ट्रासेंट्रिफ्यूजचा (अतिवेगवान सेंट्रिफ्यूजचा) रोटर फुटला तेव्हा धातूचे तुकडे यंत्राच्या संरक्षक कवचातूनही बाहेर आले होते. आपलं यंत्र त्याच्या तुलनेत खेळणं आहे, पण आपलं कवचही खेळण्यातलंच आहे.

तुकडे मुख्यतः रोटरच्या पातळीत, आडवे उडतात. म्हणून डोळे कधीही त्या पातळीत नसावेत, आणि भोवतीचं स्टीलचं भांडं रोटरच्या वर आणि खाली दोन्हीकडे पुरेसं जावं. भांडं बेसला बोल्टने, झाकण भांड्याला कडीने. नुसतं वर ठेवलेलं झाकण म्हणजे उडायला तयार असलेली आणखी एक चकती. झाकणाला मायक्रोस्विच लावा, म्हणजे उघडं असताना मोटर सुरूच होणार नाही. थरथर कशी दिसते ते बघायला तो स्विच टेपने दाबून ठेवणारे असतात. मी एकदा ठेवला होता. त्या दिवशी ट्यूबेचं झाकण उडून छताला लागलं. फोनचा स्लो मोशन कॅमेरा झाकणातल्या पॉलिकार्बोनेटच्या खिडकीवर ठेवा आणि आपण बाजूला व्हा. अक्रिलिक नको, त्याच्या ठिकऱ्या होतात.

नवा किंवा दुरुस्त केलेला रोटर पहिल्यांदा कामाच्या वेगापेक्षा २० टक्के जास्त वेगाने, ट्यूबांत पाणी भरून, भिंतीपलीकडून लांब वायरच्या स्विचने दहा मिनिटं चालवा. ताण ४४ टक्के जास्त पडतो. त्यातून निभावला तर रोजच्या वेगाला निर्धास्त. मिक्सर किंवा ड्रिलची मोटर वापरणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण ही मोटर भार कमी असला की वेग वाढवतच जाते. तिच्या ब्रशमधून ठिणग्याही पडतात, म्हणून इथेनॉल किंवा ॲसिटोनच्या ट्यूबा तिच्याजवळ फिरकू देऊ नका.

रक्त किंवा जंतूंचे नमुने घरगुती यंत्रात घालू नयेत, असं मी स्वतःपुरतं ठरवलंय. प्रयोगशाळेत असा नमुना असलेली ट्यूब आत फुटली तर मोटर बंद करून झाकण ३० मिनिटं उघडत नाहीत, हवेत उडालेले बारीक थेंब खाली बसावेत म्हणून. आपल्या स्टीलच्या भांड्याला तेवढी बंद सील नसते. केवळ केशनळीतलं रक्त वेगळं करण्याची गरज असलेल्यांसाठी स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने २०१७ मध्ये कागदाच्या चकतीचा, दोऱ्याने फिरणारा सेंट्रिफ्यूज दाखवला. तो १,२५,००० आरपीएमपर्यंत जातो आणि फाटला तरी कागदच.

नुसती मोटरच आवाज करत असेल

शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलंय. मग कान जवळ नेऊन हाताने हळू फिरवा. वाळू घोटल्यासारखा आवाज म्हणजे गोळ्यांवर चरे पडलेत. महिनाभर असमतोल रोटर सोसलेल्या मोटरला हे होणारच, माझीलाही झालं. छोट्या मोटरचं बेअरिंग सर्कलिप (शाफ्ट जागेवर धरणारी स्प्रिंगची रिंग) काढून बदलता येतं, पण नवं बेअरिंग हातोडीने ठोकून बसवू नका. बाहेरच्या रिंगच्या मापाची नळी धरून वाइसमध्ये दाबून बसवा. आणि शाफ्ट काचेवर लोळवून बघा. खालून उजेड डोलताना दिसला तर तो वाकलाय, आणि मोटर बदलण्याला पर्याय नाही.